पुंगनेरीचा सूर्यास्त

फोटो वाईट आला तर माणसाने तो पुसून टाकावा आणि कॉफी प्यावी. मी तो सुधारायला घेतला आणि त्यापायी एक अख्खा तलाव बुडवला. तलाव कसा बुडेल असं विचारू नका. सरकारी फायलीत पडला की डोंगरसुद्धा बुडतो, तलावाची काय कथा.

आमचं 'कमलवल्ली अपार्टमेंट्स' चेन्नईच्या पश्चिम टोकाला आहे. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याची बस दारात येते म्हणून मी तिथे घर घेतलं. इमारतीच्या पाठीमागे, पूर्वेला, पुंगनेरी. एरी म्हणजे तलाव. पावसाचं पाणी अडवायला जुन्या राजांनी बांधलेला आणि नव्या राजांनी विसरलेला. घर विकताना बिल्डरने 'लेक व्ह्यू' असं सांगितलं होतं. व्ह्यू आहे, लेक दिसत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णीची सतरंजी, तिच्याखाली काळं पाणी, पाण्याला वास आणि वासाला डास. जलपर्णीला तमिळमध्ये आगायतामरै म्हणतात, म्हणजे आकाशकमळ. नाव ठेवणारा बहुधा फार वरच्या मजल्यावर राहत असावा.

तळमजल्यावर राहतात राजसबाई. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आमच्या असोसिएशनच्या अध्यक्ष, आणि तंजावरी मराठी. म्हणजे त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या मागोमाग तंजावरला आले आणि तिथलेच झाले. मी प्रमोशनच्या मागोमाग चेन्नईला आलो आणि अजून कुठलाच झालेलो नाही. त्यांचं मराठी ऐकताना कोणीतरी बखर वाचतंय आणि मध्येच पानात सांबार वाढतंय असं वाटतं. त्यांच्या बाहेरच्या खोलीला एकच मोठी खिडकी आहे, ती नेमकी एरीकडे, आणि वास नि डासांपायी ती कित्येक वर्षं बंद आहे.

"मज अजून काय नोको पा, गिरिधर," त्या मला नेहमी म्हणायच्या. "ही खिडकी उघडून, हिच्यापुढे बसून एक कापी प्यायची. येवढंच ऱ्हायलं हाय."

एरी साफ करा असा असोसिएशनचा अर्ज संबंधित खात्यात कधीचा पडून होता. त्याची काळजी सेक्रेटरी शेषाद्री घेत. त्यांचं सगळं आयुष्य एग्मोर स्टेशनात गेलेलं, त्यामुळे उशीर झाला की शांतपणे घोषणा करायची आणि पुन्हा वाट बघायची, हे त्यांना उत्तम जमतं. मात्र त्या डिसेंबरात त्यांना एक कल्पना सुचली. रेल्वेवाल्यांना कल्पना क्वचित सुचतात, पण सुचल्या की रुळावरून हलत नाहीत.

"नव्या वर्षाचं आपलं कॅलेंडर त्या अधिकाऱ्याच्या भिंतीवर लागलं पाहिजे," ते मला त्यांच्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले. "जानेवारीच्या पानावर एरीचा फोटो. मान वर केली की एरी. माणूसच आहे, कधीतरी आपला अर्ज आठवेल."

"मग घाण नीट दिसेल असा फोटो हवा," मी म्हणालो.

"घाणीचं कॅलेंडर भिंतीवर कोण टांगतं, मिस्टर गिरिधर? फोटो सुंदर पाहिजे. तुमच्याकडे मोठा कॅमेरा आहे ना?"

कॅमेऱ्याचा उल्लेख झाला की माझी विचारशक्ती बंद पडते. मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाडीच्या दारावरचा केसाएवढा ओरखडा शोधून दुसऱ्याचं काम परत पाठवायचं, याचा मला पगार मिळतो. आयुष्यात स्वतः काही सुंदर बनवावं अशी इच्छा अशा माणसाला होणारच. मी लगेच हो म्हणालो.

सकाळी बांधावर गेलो तर उजेड होता, पण प्रकाश नव्हता. जाता जाता इथला हिवाळी पावसाळा आकाशभर ओलं धोतर वाळत टाकून गेला होता. कशाचीच सावली पडत नव्हती. फोटो आला तो असा : वर राखाडी, खाली मळकट हिरवं, आणि वरचं कुठे संपतं नि खालचं कुठे सुरू होतं हे कळावं म्हणून मध्ये विजेचा एक खांब.

"छान आलाय," बायको कीर्तना म्हणाली. "आपल्या बाथरूमच्या फरशीचा आहे का?"

मी तो असोसिएशनच्या ग्रुपवर टाकण्याची चूक केली. आमच्या इमारतीत पाणी गेलं तर ग्रुपवर कोणी चकार शब्द काढत नाही, पण सल्ल्याला तोटा नाही. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य विजयेंद्र तर जातीने घरी आले, सोबत दातांच्या रंगाची पट्टी घेऊन. ती त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावरच्या आकाशाला लावली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "बारीक पिवळेपणा आहे. दोन शेड वर घ्या. पेशंट कुरकुरला तर थांबा."

वीणा शिकवणाऱ्या श्रीरंजनीबाईंनी जिन्यातच अडवलं. "तुमच्या फोटोला श्रुती नाही हो. तंबोरा न लावता गाणं सुरू केलंत. आधी यातलं सगळ्यात काळं कोणतं आणि सगळ्यात पांढरं कोणतं ते धरा. खालचा सा, वरचा सा. मधलं सगळं आपोआप जागेवर बसतं."

हा सल्ला बरोबर होता, हेच दुर्दैव. मी काळं काळ्याच्या जागी आणि पांढरं पांढऱ्याच्या जागी नेलं, धुरकटपणा काढला, कॉन्ट्रास्ट थोडा चढवला, आणि मेलेला फोटो उठून बसला. ढगांना कडा आल्या. जलपर्णीचं पान न् पान सुटं झालं. आणि त्या पानांमध्ये इतका वेळ न दिसलेला एक लाल सोफा, दोन टायर आणि कोणाचा तरी कमोड लख्ख दिसू लागला.

"ही सुधारणा आहे?" शेषाद्रींनी विचारलं. "घाण नीटनेटकी झाली फक्त."

वाचकहो, मी तिथे थांबलो असतो तर आज ताठ मानेने फिरलो असतो. तो फोटो खरा होता. पण खरा फोटो भिंतीवर लागत नाही, असं सेक्रेटरींचं म्हणणं, आणि मला जानेवारीचं पान हवं होतं. गेल्या वर्षी जानेवारीच्या पानावर विजयेंद्रांनी काढलेला त्यांच्याच दवाखान्याचा फोटो होता आणि माझं पायऱ्यांवरचं मांजर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, प्लंबरच्या नंबराशेजारी होतं. तो अपमान मी विसरलो नव्हतो.

म्हणून मी हिरव्या रंगाची पट्टी निळ्याकडे सरकवली. अगदी सहज, काय होतं बघू म्हणून. आणि काय सांगू, सगळी जलपर्णी पाणी झाली! काठापासून काठापर्यंत निळंशार पाणी. खात्याला इतकी वर्षं जे जमलं नाही ते माझ्या एका बोटाने झालं. मग सोफा पुसला, टायर पुसले, कमोड पुसला. खांबही उपटला. उरलं ते आकाश. ॲपमध्ये तयार आकाशं मिळतात, साड्यांच्या दुकानात गठ्ठा उलगडतात तशी एकेक उलगडून बघायची. मी सूर्यास्त निवडला. केशरी, जांभळा, मध्ये गोल सूर्य, पाण्यात त्याची लांब वाट.

सूर्यास्तच का? कारण मी देवगडचा. आमच्याकडे पाणी आणि पश्चिम या वेगळ्या गोष्टी नाहीत. पाणी दिसलं की संध्याकाळी सूर्य त्यात बुडणार, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. क्षणभरही वेगळं काही मनात आलं नाही. उलट जन्मात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी पूर्ण सुंदर झालं म्हणून माझा ऊर भरून आला. मी खाली 'पुंगनेरीचा सूर्यास्त' असं इंग्रजी वळणदार अक्षरात टाकलं आणि छापायला दिलं.

कॅलेंडर आलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. शेषाद्रींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. विजयेंद्र म्हणाले, "दिसलं? व्हाइटनिंग केलं की पेशंट हसतो." एक प्रत मी राजसबाईंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हा कोणता गाव?"

"आपली एरी आहे, राजसबाई."

"आपली? एरी पूर्वेस हाय की रे आपल्या. सूर्य पूर्वेस मावळतो म्हणून मी कुठल्या पोराला कधी शिकवली नाही." मग त्यांनी बंद खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा कॅलेंडरकडे. "उदंड सुंदर हाय पा. हे दाखवून साफ कसाला करतील ते मज कळत नाही. असो. तुम्ही अस्क शिकलेले."

अस्क म्हणजे सगळे, सगळं. पण 'असो' या शब्दाने जेवढं लागतं तेवढं शिवीनेही लागत नाही.

शेषाद्री मिठाईसकट कॅलेंडर खात्यात देऊन आले. "लावलं!" ते धापा टाकत म्हणाले. "त्यांनी स्वतः खिळा ठोकून घेतला. टेबलाच्या बरोबर समोर!" आम्ही वाट बघत बसलो. पोंगल गेला, जानेवारी संपला, एरीतला सोफा होता तिथेच होता. शेवटी आम्ही दोघे अर्जाची चौकशी करायला गेलो.

अधिकाऱ्यांचं नाव भीमसेन राव. पाटीवरचं 'राव' वाचून मी मराठीत नमस्कार केला आणि तो माणूस खुर्चीतून उठलाच. "या, या, बैसा! मराठी? अत्ता कोण बोलतो इथे!" तेही तंजावरचे निघाले. मग मी कोणाच्या घरचा, देवगड म्हणजे तंजावरहून किती दूर, आमच्याकडे आंबट वरणात काय घालतात, अशी सगळी चौकशी झाली. शेषाद्री माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मासा गळाला लागला असंच मलाही वाटलं. मग मी हळूच एरीचा विषय काढला.

भीमसेन रावांनी बोट वर केलं. भिंतीवर फेब्रुवारी लागायला हवा होता. तिथे अजून जानेवारीच होता.

"हे पान उलटाया मन होत नाही मज. इतकी सुंदर एरी, आणि तुम्ही अर्ज कसाला करता?"

"साहेब, तो फोटो मी जरा सुधारलाय."

"मणजे खोटा हाय?"

"खोटा नाही, सुधारलेला." क्वालिटी विभागात बारा महिने मी या वाक्यावर लोकांना घरी पाठवतो. "हे बघा, एरी आमच्या पूर्वेला आहे. फोटोत सूर्य मावळतोय. म्हणजे उघडच खोटं... म्हणजे सुधारलेलं आहे."

"पलीकडच्या काठावर उभे ऱ्हायले तर एरी पश्चिमेस येते की," ते शांतपणे म्हणाले.

मी घाईघाईने फोनमध्ये मूळ फोटो दाखवला, राखाडी-हिरवा, खांबासकट. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि दुःखाने मान हलवली.

"हा एडिट केलेला हाय. असला मेलेला रंग कोठे असतो का? हल्ली लोक काय काय करतात." तरी मराठी माणूस म्हणून त्यांनी तो स्वतःच्या फोनवर मागून घेतला. "फायलीत घालतो. पण तुम्ही नवा आणा. तारीख, वेळ, जागा, अस्क फोटोवर उमटलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच बांधावर गेलो, आणि निसर्गाने माझा सूड घेतला. धुकं विरत होतं, कोवळं ऊन तिरपं येत होतं, सगळ्या जलपर्णीला एकाच वेळी जांभळी फुलं आली होती. त्या लाल सोफ्यावर तीन बगळे बसले होते आणि मधला तर पोझ देत होता. फोटोग्राफर जन्मभर ज्या उजेडासाठी झुरतो तो माझ्यासमोर फुकट सांडला होता आणि मला तो नको होता. तारखेसकट फोटो आला तो पर्यटन खात्याने मागून न्यावा असा.

मग मी रविवारभर बसून तो खराब केला. ऊन उतरवलं, रंग काढले, बगळे पुसले. कीर्तना चहा ठेवायला आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"आधी घाण सुंदर केलीस, आता सुंदर आहे ते घाण करतोयस. एकदा तरी आहे तसं दाखवून बघ ना."

मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य माणूस नेहमी आपल्याला काही कळत नसतानाच बोलतो. सगळं फिकं करता करता कोपऱ्यातली तारीखही फिकी झाली, आणि खात्याने 'दिनांक अस्पष्ट' असा शेरा मारून फोटो परत केला. दुसऱ्याचं काम परत पाठवणाऱ्या माणसाचं काम परत आलं. मी ते कारखान्यात कोणाला सांगितलं नाही.

मार्च संपता संपता खात्यातून पत्र आलं. शेषाद्रींनी ते जिन्यातच उघडलं आणि पायरीवर बसले. पुंगनेरीच्या स्वच्छतेचं काम समाधानकारकरीत्या पूर्ण झालं होतं. पुरावा म्हणून दोन फोटो जोडले होते. पहिल्याखाली 'कामापूर्वी' : माझा राखाडी फोटो, खांबासकट. दुसऱ्याखाली 'कामानंतर' : माझा सूर्यास्त. जानेवारीच्या तारखा कापल्या होत्या, पण कोपऱ्यात, यंदा पुढच्या बाजूला आलेली प्लंबरची जाहिरात अर्धी राहिली होती. खाली एक ओळ : रहिवासी असोसिएशनच्या अध्यक्षांची समाधानाची सही घेण्यासाठी अधिकारी स्वतः येतील.

दोन्ही फोटो माझे. एवढं यश मला आजवर मिळालं नव्हतं, आणि एवढी लाजही वाटली नव्हती. पत्र घेऊन मी राजसबाईंकडे गेलो. नजरेला नजर देता येईना. "माझ्यामुळे तुमची खिडकी कायमची गेली," असं म्हणालो आणि बाहीने डोळे पुसले.

राजसबाईंनी पत्र सावकाश वाचलं, दोन्ही फोटो पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात चुकीचं उत्तर देणारा सापडला की येतो तसा तजेला आला.

"रडू नोको. तो सूर्यास्त मज मोठा छापून आण. खिडकीयेवढा."

मी छापून आणला. तो त्यांनी बंद खिडकीवर, पडद्याच्या दांडीला, खालीवर गुंडाळता येईल असा लावून घेतला. ठरल्या सकाळी भीमसेन राव आले. बाहेर तेच आभाळ, तोच सपाट उजेड. राजसबाईंनी दारातच त्यांना धरलं : कोणाचा मुलगा, आईचं माहेर कुठलं, मावशी कुंभकोणमची का? कॉफीच्या दुसऱ्या घोटाआधीच लांबचं नातं निघालं आणि अधिकारी त्यांना 'अक्का' म्हणू लागले. तंजावरी घरात एकदा अक्का म्हटलं की कॉफी संपवल्याशिवाय आणि अक्काने निरोप दिल्याशिवाय उठता येत नाही, हे शेषाद्रींनी मला नंतर सांगितलं.

"व्वा," भीमसेन राव खिडकीवरचा सूर्यास्त पाहत म्हणाले. "घरी बसून येवढं पाहायला मिळतं, अक्का."

"होय की. इथे सही करायची ना? करते," राजसबाई म्हणाल्या. पेन त्यांच्या हातात होतं. "बैस त्या खुर्चीत, खिडकीपाशी. गिरिधर, तो सूर्य जरा वर गुंडाळ. आणि खिडकी उघड."

मी सूर्य गुंडाळला. कडी गंजली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. खिडकी उघडली आणि पुंगनेरी आत आली. आधी वास, मग डास, मग बाकीचं दृश्य : वर राखाडी, खाली मळकट हिरवं, मध्ये खांब, आणि थोडा सरकलेला लाल सोफा.

भीमसेन रावांनी मानेवर एक चापट मारली, मग गालावर. नाकाला रुमाल लावून ते खिडकीबाहेर वाकले. शेवटी रुमालाआडून म्हणाले,

"अक्का, आज लाइट बरोबर नाही."

राजसबाईंनी आपली खुर्ची ओढली ती नेमकी दाराच्या तोंडाशी, तिच्यात बसल्या, पेन कनवटीला खोचलं आणि कित्येक वर्षांनी उघड्या खिडकीपुढे कॉफीचा पहिला घोट घेतला.

"पर्वा नाही पा," त्या म्हणाल्या. "लाइट येईपर्यंत बैस."